‘मेर्सी’ म्हणजे नको

पहिल्या रात्री मी अर्धपोटी झोपले आणि त्यात त्या घरातल्या कोणाचाही दोष नव्हता. २२ सप्टेंबर २०१९ चा तो रविवार होता. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरून, तिथूनच सुटणाऱ्या वेगवान गाडीने पावणेदोन तासांत मी स्याँ-प्येर-दे-कोर स्थानकावर पोहोचले आणि माझ्या नावाचा कागद हातात धरून फलाटावर उभ्या असलेल्या वयस्क जोडप्याबरोबर, म्हणजे माझ्या यजमान मादाम आणि मस्यू यांच्याबरोबर, चालतच त्यांच्या घरी गेले. रात्रीच्या जेवणात आधी किसलेले गाजर आले. दिसायला हुबेहूब आपली कोशिंबीर, फक्त दाण्याचे कूट आणि फोडणी नसलेली. मला वाटले, मागोमाग बाकीचे पदार्थ येतील आणि कोशिंबीर तोंडी लावता येईल, म्हणून मी ती ताटलीच्या कडेला राखून ठेवली. बाकीचे तिघे ती संपवून माझ्याकडे पाहत होते. मग बटाट्याचा ओव्हनमध्ये भाजलेला ग्रातँ आला. एकदा वाढून झाल्यावर मादामनी भांडे पुन्हा पुढे करून ‘आणखी घेणार का?’ असे विचारले, तेव्हा मी हसून म्हटले, ‘मेर्सी.’ भांडे शांतपणे पुढच्या माणसाकडे गेले आणि परत आले नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत मी दोन वर्षे फ्रेंच शिकले होते आणि ‘मेर्सी’ म्हणजे धन्यवाद, हे तर पहिल्याच तासाला कळते. परंतु कोणी काही देऊ केल्यावर नुसते ‘मेर्सी’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा होतो, हे पुस्तकात असले तरी माझ्या लक्षात राहिले नव्हते. हवे असेल तर ‘हो, कृपया’ असे स्पष्ट म्हणावे लागते. माझ्या मनात याच्याही तळाशी दुसरा एक घोटाळा होता. आपल्याकडे पहिल्या वेळी ‘नको’ म्हणणे हा शिष्टाचार असतो आणि वाढणाऱ्याने तरीही वाढणे हा त्याच्याही वरचा शिष्टाचार असतो. आग्रहाची पोळी पानात पडल्याशिवाय जेवण झाले असे माझ्या आजीला कधी वाटलेच नाही. या घरात माझा शब्द जसाच्या तसा धरला गेला. पुढच्या बारा आठवड्यांत मला जे शिकायचे होते, त्याची सुरुवात त्या भांड्यापासून झाली. मात्र ते समजायला काही दिवस जावे लागले आणि तोवर बॅगेतल्या चिवड्याने माझी लाज राखली.

हे घर मला तूर शहरातल्या एका भाषासंस्थेमार्फत मिळाले होते. नव्वद दिवसांच्या आतला व्हिसा, सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि राहण्याची सोय यजमान कुटुंबात: सकाळची न्याहारी व रात्रीचे जेवण त्यांच्याकडे, दुपारचे आपले आपण. अर्जात कुत्र्यामांजरांची भीती, धूम्रपान, आहार, ॲलर्जी असे बरेच विचारले होते. घरचे लोक पैसे घेतात, त्यामुळे तुम्ही पाहुणे नसता. पण त्यांच्याच टेबलावर जेवता, त्यामुळे भाडेकरूही नसता. पुण्यात ‘पेइंग गेस्ट’ म्हणून राहिलेल्या मैत्रिणींकडून मी स्वयंपाकघराच्या कुलपांच्या आणि पाण्याच्या वेळांच्या बऱ्याच कथा ऐकल्या होत्या, त्यामुळे मनाची तयारी त्या धर्तीवर झाली होती. आजीची तक्रार वेगळीच होती. पितृपंधरवडा संपायला सहा दिवस असताना कोणी परदेशी निघते का, हे ती मी विमानतळावर पोहोचेपर्यंत विचारत होती.

स्याँ-प्येर-दे-कोर हे तूरला अगदी लागून असलेले, ल्वार आणि शेर या दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्टीवर वसलेले रेल्वेचे गाव. ल्वारच्या खोऱ्यातले राजवाडे पाहायला येणारे प्रवासी इथे फक्त गाडी बदलतात. मस्यूंचे सगळे आयुष्य रेल्वेत गेले होते आणि निवृत्त होऊनही ते दूरवरच्या आवाजावरून गाडी माल घेऊन चालली आहे की माणसे, हे सांगत. माझे वडील एसटीतून निवृत्त झालेले. ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितली, तेव्हा मस्यूंनी पहिला प्रश्न विचारला, तो कुटुंबाला पास मिळतो का हा. मिळतो, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. तूर परिसरातली फ्रेंच सर्वांत शुद्ध समजली जाते, असे मी पुण्यात ऐकून आले होते. मस्यूंची फ्रेंच रेल्वेच्या यार्डातली होती आणि तिच्यात अर्धी अक्षरे गिळलेली असत. उलट, माझ्या नावातला आरंभीचा ‘ह’ त्यांनी पहिल्याच संध्याकाळी गिळून टाकला, तो शेवटपर्यंत परत आला नाही. नाकातल्या स्वरांचा मात्र मला त्रास झाला नाही. त्यासाठी रत्नागिरीकडच्या आजीचे ऋण मानले पाहिजे. तिच्या बोलण्यातले अनुस्वार तूरमध्ये सहज खपले असते.

घराची रचना समजायला दोन दिवस पुरले, पण तिची सवय व्हायला महिना लागला. संडास एका चिंचोळ्या खोलीत आणि स्नानगृह दुसरीकडे. संडासात पाणी नाही, फक्त कागद. याबद्दल काही बोलायचे नसते, आपण आपली सोय करायची असते. मी एक रिकामी बाटली खोलीत ठेवली आणि ती नेताना-आणताना कोणाला दिसणार नाही याची काळजी घेतली. आंघोळीला टब होता, पण त्याचा शॉवर भिंतीला अडकवायची सोय नव्हती. एका हातात शॉवर धरून दुसऱ्या हाताने साबण लावायचा आणि त्या वेळी शॉवर कुठे ठेवायचा, हा प्रश्न मी कोणालाच विचारू शकले नाही. पाणी भिंतीवर, आरशावर, पायपुसण्यावर उडे. बादली आणि तांब्या यांच्या शोधाइतके अचूक संशोधन स्नानाच्या क्षेत्रात पुन्हा झाले नसावे, असे माझे तेव्हाचे मत होते आणि ते अजून बदललेले नाही. गरम पाण्याची टाकी रात्री, स्वस्त विजेच्या तासांत तापे आणि तेवढेच पाणी दिवसभर चारही जणांना पुरवायचे असे. त्यामुळे एखाद्याने लांबवलेली आंघोळ शेवटच्या माणसाला भोवत असे. हे मला बोलून दाखवण्यात आले. चौथ्या दिवशी मादामनी सरळ सांगितले, ‘पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही.’ मला ते तेव्हा लागले. आपल्याकडे पाहुण्याला असे कोणी बोलत नाही, मागे मात्र बोलते. इथे पुढ्यात बोलून झाले की विषय संपलेला असे, हे मला हळूहळू पटले.

घरातली चौथी व्यक्ती म्हणजे त्यांची सात वर्षांची नात. तिची आई पाळ्यांमध्ये काम करी, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ती आजीआजोबांकडे असे. माझी खरी शिक्षिका तीच. मी जेवताना डावा हात मांडीवर ठेवत असे. आपल्याकडे डावा हात अन्नापासून दूरच ठेवायची शिकवण असते. तिने तिसऱ्या दिवशी टेबलाखाली वाकून पाहिले आणि मी हातात काय लपवले आहे ते विचारले. दोन्ही मनगटे टेबलावर दिसली पाहिजेत, असा तिथला रिवाज आहे. तिनेच मला पाण्याचे काचेचे पेले उलटे करून तळाशी कोरलेला आकडा बघायला शिकवले. ज्याच्या पेल्यावर जो आकडा, ते त्याचे त्या दिवसाचे वय. फ्रान्समधल्या शाळांच्या भोजनगृहांत पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ चालत आलेला आहे. आकडा खरे तर साच्याचा असतो आणि हे दुरालेक्स पेले आमच्यापासून फार दूर नाही अशा, त्याच ल्वारच्या काठावरच्या ओर्लेआँजवळच्या कारखान्यात बनतात. ज्याचे वय सर्वांत कमी त्याने पाण्याचा जग भरून आणायचा, असा आमच्या घरचा नियम होता. मस्यू एकदा चार वर्षांचे झाले आणि कुरकुरत उठले.

टेबलावरच्या गोष्टींचा क्रम मात्र खेळीमेळीचा नव्हता. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधे भात अशी जागा ठरलेली असते आणि एकदा वाढले की कोणत्या घासाला काय लावायचे हा जेवणाऱ्याचा अधिकार असतो. इथे जागेऐवजी वेळ ठरलेली होती. साडेसातला आधी थंड भाजी किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, मग हिरव्या पानांचे सॅलड, मग चीज, मग फळ किंवा दह्याची वाटी. आधीचे संपल्याशिवाय पुढचे येत नाही आणि पुढचे आल्यावर मागचे मागता येत नाही. सॅलडचे पान सुरीने कापायचे नाही. सुरी-काट्याने त्याची घडी घालून तोंडात टाकायचे. यात मात्र मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, कारण विड्याच्या पानाची घडी घालणाऱ्या घरात मी वाढले आहे. पाव ताटलीत ठेवत नाहीत, टेबलक्लॉथवर ठेवतात. तो उलटा ठेवला तर अशुभ, हे नातीने डोळे मोठे करून सांगितले. चीजची फळी एकदाच फिरते. त्रिकोणी ब्री असेल तर त्याचे टोक कापून घेणे म्हणजे सर्वांत चांगला घास स्वतःकडे ओढणे. कापायचे ते लांबीने, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आतला मऊ आणि कडेचा कडक असा दोन्ही भाग येतो. भाऊबंदांमधली वाटणी इतकी न्याय्य झालेली मी गावाकडे कधी पाहिली नाही.

मी शाकाहारी आहे, अंडे चालते, असे अर्जात लिहिले होते. मादामनी ते वाचले होते आणि मनावरही घेतले होते, पण ‘मांस’ या शब्दाची त्यांची व्याख्या माझ्याहून अरुंद होती. पहिल्या बुधवारी केलेल्या कीशमध्ये, म्हणजे अंडी घालून भाजलेल्या खाऱ्या पायमध्ये, डुकराच्या मांसाचे लहान चौकोनी तुकडे होते. मी काटा खाली ठेवला, तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, ‘पण हे तर नुसते लार्दों आहेत!’ चवीपुरते घातलेले ते मांस नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सूपमधली कोंबडीच्या अर्काची वडी हाही असाच एक शोध. त्यानंतर मात्र त्यांनी हट्टालाच पेटून भाज्या केल्या: गाजर-कांदा घालून शिजवलेली प्वीची हिरवट मसूर, ज्यात मला तूप-जिऱ्याची फोडणी घालावीशी वाटे, लाल भोपळ्याचे दाट सूप, ल्वारकाठच्या पांढऱ्या तुफो दगडाच्या गुहांमध्ये पिकवलेली अळिंबी. मस्यूंना त्यांच्या वाट्याचे मांस वेगळ्या तव्यावर करून मिळे आणि तो तवा त्यांनाच घासावा लागे. या प्रांताचे स्यांत-मोर नावाचे बकरीच्या दुधाचे चीज असते. लांबट नळीसारखे, बाहेरून राखेने माखलेले. भस्म लावल्यासारखे दिसते. त्याच्या आरपार गवताची एक काडी असते आणि तिच्यावर ते करणाऱ्याची खूण कोरलेली असते. चीज विरजायला बहुधा वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात, हे मला माहीत होते. त्या चीजबद्दल मी काही विचारले नाही. प्रत्येकाच्या शाकाहारात एखादी खिडकी उघडी असते, माझी ही होती.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मादामनी मला वर्गातून परतताना पाव आणायला सांगितले. दोन ‘त्रादिस्याँ’, म्हणजे पारंपरिक पद्धतीचे लांबट ‘बागेत’ पाव. या पावात काय असावे आणि काय असू नये हे १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरवून दिले आहे: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, वर कसलीही भेसळ नाही आणि पीठ गोठवायचेही नाही. मी दोन्ही पाव काखेत धरून घरी आले, तेव्हा मस्यूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘टोके कुठे आहेत?’ मी घाबरले. दोन्ही टोके शाबूत होती. त्यांचे म्हणणे असे की, गरम पाव घरी आणणाऱ्याने वाटेत त्याचे टोक मोडून खाल्ले नाही, तर त्याला भूक नाही किंवा पाव चांगला नाही. उद्यापासून खात जा. त्या दिवसापासून संध्याकाळचा पाव आणणे हे माझे काम झाले. नेहमीची बेकरी सोमवारी बंद, तेव्हा सोमवारी पुलाजवळच्या दुसरीतून आणायचा. तिथला पाव जास्त भाजलेला असतो, म्हणून ‘फार भाजलेला नको’ असे सांगायचे. मादामनी माझ्या खोलीत स्वच्छ चादरी ठेवल्या, फुले ठेवली, माझ्यासाठी भाज्या शोधल्या, यापैकी कशानेही मला त्या घरात जागा मिळाल्यासारखे वाटले नव्हते. पावाच्या कामाने वाटले. मी उशिरा आले, तर जेवण अडून राहणार होते.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना जितका कठीण वाटतो तितका मराठी माणसाला वाटू नये. आपल्याकडे तो आहेच, वर ‘आपण’ही आहे. वर्गातल्या अमेरिकन मुलांना मोठ्यांशी ‘व्हू’ आणि मुलांशी ‘त्यू’ असे पाठ करावे लागे. आजीला मात्र ‘त्यू’ का, हे त्यांना कळत नसे. आपण आईला आणि आजीला ‘अगं’ म्हणतो आणि बाबांना ‘अहो’, तेव्हा जवळीक आणि मान यांचे हिशेब वेगवेगळे असतात हे मला समजावून सांगावे लागले नाही. अडचण दुसरीकडे आली. ऑक्टोबरच्या मध्यावर मादामनी मला ‘आता एकमेकींना तू म्हणू या’ असे सुचवले आणि त्याबरोबर पहिल्या नावाने हाक मारायलाही सांगितले. चौसष्ट वर्षांच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे माझ्या जिभेला जमेना. मावशी, काकू असा एखादा मधला पूल त्या भाषेत नाही. मी ‘तू’ वर आले, पण नाव टाळत राहिले. हाक मारायची वेळ आली की जिन्याखाली जाऊन उभी राहायची आणि त्या बघेपर्यंत थांबायची. डिसेंबरपर्यंत हे असेच चालले आणि त्यांच्या लक्षात आलेच नसेल असे मला वाटत नाही.

जेवताना टीव्ही लावायचा नाही, हा नियम माझ्या मुक्कामात दोनदा मोडला. पहिल्यांदा २६ सप्टेंबरला, माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक गेले त्या संध्याकाळी. मस्यूंनी आयुष्यभर कडव्या डाव्यांना मत दिलेले, उजव्या पक्षाच्या या अध्यक्षाविरुद्ध १९९५ च्या हिवाळ्यात रेल्वेच्या संपात ते स्वतः उतरलेले. तरी आठच्या बातम्या लागल्या आणि सूप थंड होत गेले. दुसऱ्यांदा १३ नोव्हेंबरला, सायकलपटू रेमों पुलिदोर वारले तेव्हा. टूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत येऊनही या माणसाला आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर घालता आली नव्हती. शिराकच्या वेळी मस्यू बोलत होते, वाद घालत होते. पुलिदोरच्या वेळी बोलले नाहीत. हरणाऱ्यावर एवढे प्रेम करणारा देश मी पहिल्यांदा पाहत होते.

आता दिवाळीबद्दल. त्या घरात रोज तिन्हीसांजेला एक काम असे: खिडक्यांच्या बाहेरची लाकडी दारे ओढून घेणे. सूर्य कलला की अख्ख्या गल्लीत बिजागऱ्यांचे आवाज सुरू होत आणि पाच मिनिटांत सगळी घरे डोळे मिटल्यासारखी अंधारी दिसत. थंडी आत येऊ नये, उजेड बाहेर जाऊ नये, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत पडू नये अशी कारणे मला सांगण्यात आली. ऊब १९ अंशांच्या वर न्यायची नाही असा घरचा नियम असल्यामुळे पहिले कारण तर खरेच होते. पण आमच्याकडे त्याच वेळी मागचे दार लावून पुढचे दार उघडे ठेवतात, उंबऱ्यापाशी दिवा लावतात, कारण ती लक्ष्मी यायची वेळ असते. रोज त्या वेळी माझ्या खोलीची दारे मीच ओढत असे आणि रोज थोडे चुकल्यासारखे वाटे.

२०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला, रविवारी होते. आदल्या दिवशी, शनिवारी, मी तूरच्या बुलव्हार बेरांझेवरच्या फुलबाजारात झेंडू मिळतो का ते पाहायला गेले. झेंडू नव्हता, पण शेवंतीचे ढीगच्या ढीग होते: पिवळी, जांभळी, तपकिरी, गोल टोपीसारखी फुललेली कुंड्याकुंड्यांमधून. मला कोण आनंद झाला. मी त्यातली सर्वांत भरगच्च पिवळी कुंडी घेतली, ट्रामने आणि पायी असा प्रवास करत, कुंडी कडेवर घेऊन घरी आले आणि सणाची भेट म्हणून मादामच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. आभार मानले. मग त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत आणि नात मात्र लगेच बोलली, ‘कोण मेलं?’ फ्रान्समध्ये शेवंती हे कबरीवर वाहायचे फूल. १ नोव्हेंबरच्या तुस्यां, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या सुमारास घरोघरीची माणसे दफनभूमीत शेवंती नेतात, म्हणून तो बाजार भरलेला होता. एरवी ती कोणी कोणाला भेट देत नाही. मी कानापर्यंत लाल झाले. आमच्याकडे ती देवीच्या वेणीत माळतात हे मी समजावू लागले, पण ‘वेणी’ला शब्द सापडेना. मादामनी कुंडी मागच्या अंगणात, उन्हात ठेवली आणि म्हणाल्या, ‘फुले सुंदर आहेत, ती कुठे जायची ते मला माहीत आहे.’

दुसऱ्या दिवशी रविवारचे जेवण होते, म्हणजे मस्यूंच्या वृद्ध आई, त्यांची आँजेहून आलेली बहीण, जिच्याशी गालाला गाल लावून चार वेळा भेटावे लागे, आणि बाकी सगळे. मी घरी साडेसहाला व्हिडिओ कॉलवरून पूजेला हजर राहणार होते आणि साडेतीन तासांचे अंतर धरून दुपारचे तीन ही वेळ मनाशी पक्की केली होती. त्या पहाटे युरोपातली घड्याळे एक तास मागे गेली होती. हे मला माहीत होते, तास जास्त झोपायला मिळाल्याचा आनंदही झाला होता, पण पुण्याचे अंतर त्यामुळे साडेचार तासांचे झाले हे डोक्यात शिरले नव्हते. आई दोन वाजता फोन करत राहिली. फोन बाहेरच्या खोलीत, कोटाच्या खिशात होता, कारण टेबलावर फोन आणायचा नसतो आणि चीज येण्यापूर्वी उठायचेही नसते. तीन वाजता मी फोन लावला, तेव्हा आरती होऊन, प्रसाद वाटून, शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे जाऊन झाली होती. मी जिन्यात बसून रडले. नात येऊन शेजारी बसली आणि थोड्या वेळाने आजीला घेऊन आली.

त्या संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळला. आदल्या दिवशी तो सातच्या सुमारास मावळला होता, त्यामुळे अंधार एकदम अंगावर आल्यासारखा वाटला. मी मेणाच्या लहान वाट्या आणल्या होत्या. मादामनी विचारले, त्या कुठे लावायच्या असतात? दारात आणि खिडकीत, मी म्हटले. बाहेर गल्लीतली दारे एकेक करून ओढली जात होती. मस्यू नेहमीप्रमाणे उठले, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले आणि मादामनी त्यांना नुसते नावाने हाक मारून थांबवले. रस्त्याकडच्या त्या खिडकीत अकरा दिवे लागले. समोरच्या घरातल्या बाईंनी आपली दारे ओढता ओढता थांबून पाहिले आणि सोमवारी बेकरीत मला विचारले की, काही वाढदिवस होता का.

शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, आम्ही व्हूव्रेजवळच्या गावी मादामच्या आईवडिलांच्या कबरीवर गेलो. बादली, ब्रश, जुने फडके आणि माझी शेवंती. कबरीचा दगड त्यांनी गुडघ्यांवर बसून घासला, मी पाणी आणून दिले. आजूबाजूला अशीच कुटुंबे होती, मुले कुंड्यांमधून धावत होती, माणसे एकमेकांना कोणाची तब्येत कशी आहे ते विचारत होती. मला सर्वपित्रीची आठवण आली आणि आपण पितृपंधरवड्यात घर सोडल्याचा आजीचा राग बहुधा फिटला असावा, असेही वाटले. तिला मी फोनवर सांगितले, तेव्हा तिने फक्त विचारले, ‘कावळे होते का?’ होते.

नोव्हेंबरात मी पोहे केले. जाड पोहे घरूनच नेले होते. मोहरी तडतडली तशी मादाम दोन पावले मागे सरकल्या आणि धूर ओढणारा पंखा लावला. पोहे पहिला पदार्थ म्हणून वाढले गेले, सर्वांनी सुरी-काटा घेतला आणि मस्यूंनी ते पावाबरोबर खाल्ले. उरलेला गोडा मसाला मी मादामना दिला. डबी उघडून त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या की, हा तर नाताळातल्या मसाल्याच्या पावाचा, ‘पँ देपीस’चा, वास आहे. दालचिनी आणि लवंग तर दोन्हींत असतेच. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो भोपळ्याच्या सूपमध्ये घातला आणि मला न सांगता वाढले. आमटी आणि सूप यांच्यामध्ये कुठेतरी असलेली ती चव मी अजून करून पाहते, जमत नाही.

५ डिसेंबरपासून निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावित बदलांविरुद्ध देशव्यापी संप सुरू झाला. रेल्वे कामगारांच्या जुन्या खास सवलती जाणार होत्या, त्यामुळे रेल्वे जवळजवळ ठप्प झाली. माझे विमान १४ डिसेंबरला, शनिवारी होते. दोन दिवस आधी विमानतळाची माझी गाडी रद्द झाल्याचा संदेश आला. टेबलावर मी तो वाचून दाखवला, तेव्हा विचित्र शांतता पसरली, कारण त्या मंगळवारीच मस्यू जुन्या सहकाऱ्यांबरोबर झेंडा घेऊन मोर्चात चालून आले होते आणि मी त्यांचे अभिनंदनही केले होते. त्यांनी चीज संपवले, सुरी पुसली आणि म्हणाले, ‘संप सरकारविरुद्ध आहे, तुझ्याविरुद्ध नाही. चार वाजता निघू.’ एसटीचे संप पाहिलेल्या घरातली मी. संपात आपल्या माणसाला पोहोचवायची जबाबदारी संपकऱ्याचीच असते, हे माझ्या वडिलांना फोनवर सांगावेही लागले नाही. अडीचशेहून अधिक किलोमीटर त्यांनी पहाटेच्या अंधारात गाडी चालवली, मादाम मागे थर्मास घेऊन बसल्या होत्या. वाटेत त्यांनी विचारले, कॉफी घेणार? मी ‘हो, घेईन’ म्हटले. मग स्वतःहून त्यांचे नावही घेतले, पहिल्यांदाच. त्या आरशात बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘बारा आठवडे लागले.’

पुण्यात पोहोचल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी मी प्रवासाच्या गुंगीतच उठले, पुढच्या खोलीच्या खिडक्या एकेक करून लावल्या, पडदे ओढले आणि मग दारापाशी जाऊन तेही लोटले. आतून आई निरांजन घेऊन येत होती. ‘अगं, दिवेलागणीला दार काय लावतेस?’ ती म्हणाली, आणि मी कडी काढली.